जुना गुडघा आणि झिजलेली मान: नीलिंग व प्रोन कसे बदलावे?

प्रश्न

नमस्कार. माझे वय ६१ असून मी उजव्या हाताने ५० मीटर रायफल नेमबाजीच्या तिन्ही पोझिशन करतो: नीलिंग (एक गुडघा टेकून), प्रोन (पालथे झोपून) आणि उभ्याने. उजव्या गुडघ्याच्या कूर्चेला जुनी दुखापत आहे आणि अलीकडे मानेच्या मणक्यांची झीजही निदानात आली आहे. नीलिंगमध्ये थोड्याच वेळात गुडघा ठणकू लागतो. प्रोनमध्ये मान मागे ताणून धरावी लागते आणि मालिका (ठरावीक गोळ्यांची फेरी) संपेपर्यंत हात बधिर होतो. तरुणपणी शिकलेली पोझिशन तशीच टिकवण्यासाठी व्यायाम वाढवावा, की पोझिशनच बदलावी? रायफल सोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

उत्तर १

पोझिशन बदला, आणि त्यात कमीपणा मानू नका. शिकवलेला आराखडा निरोगी, लवचिक शरीर गृहीत धरून केलेला असतो. नियम मात्र त्याहून बरीच अधिक मोकळीक देतात.

नीलिंगमध्ये गुडघा हा केवळ तिसरा टेकू असतो. शरीराचे बहुतेक वजन मागच्या टाचेवरून घोट्याखालच्या रोलवर (गोल उशीवर) उतरले पाहिजे. गुडघा ठणकतो, याचा अर्थ बहुधा आपले धड पुढे कलत आहे. माकडहाड टाचेवर नीट बसले आहे का, हे कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा. त्यानंतर रोलकडे वळा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो २५ सेंमी लांब आणि १८ सेंमी व्यासाचा असू शकतो. रोल जितका उंच तितकी बैठक वर येते आणि गुडघा कमी दुमडावा लागतो, आणि कूर्चेच्या दुखापतीत खरा त्रास त्या पूर्ण दुमडण्याचाच असतो. मात्र रोल प्रमाणाबाहेर उंच झाला की धड पुन्हा पुढे झुकते आणि वजन गुडघ्यावरच परत येते, म्हणून उंची थोडी थोडी वाढवत जावी आणि प्रत्येक वेळी बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) व हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा, सरकवता येणारा टेकू) नव्याने लावावेत. दोन मालिकांच्या मध्ये उठून पाय सरळ करण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये.

उत्तर २

मानेबद्दल बोलण्यापूर्वी एक विचारतो: बधिर कोणता हात होतो? डावा असेल तर स्लिंगचा (दंडाला बांधून रायफल धरणाऱ्या पट्ट्याचा) दाब हे कारण असू शकते आणि स्लिंग सैल केल्यावर संवेदना लवकर परत यायला हवी. उजवा असेल, किंवा कोणत्याही हाताचा बधिरपणा रेंजवरून उठल्यावरही राहत असेल, पकड कमजोर वाटत असेल, तर तो मानेतून येत असण्याची शक्यता धरावी आणि पुढच्या सरावाआधी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी पोझिशनचे प्रयोग करू नयेत.

मानेवरचा ताण कमी करण्यासाठी डोळा रायफलपर्यंत नेण्याऐवजी साइट (नेम धरण्याचे साधन) डोळ्यापर्यंत आणावी. साइटखाली उंची वाढवणारे ठोकळे बसवून चीकपीस (गाल टेकवण्याचा भाग) तेवढाच वर घेतला की डोके सरळ राहते. त्याच्या जोडीला प्रोन थोडे उंच करावे, म्हणजे हँडस्टॉप मागे घेऊन डावे कोपर जवळ आणावे. जमिनीशी डाव्या हाताच्या कोपर ते मनगट या भागाचा कोन ३० अंशांहून कमी नसावा एवढीच नियमाची अट आहे. त्यामुळे उंच जायला वाव आहे. धड जितके उचलले जाते तितकी मान कमी वळते, पण तो ताण काही प्रमाणात कंबरेकडे जातो. कंबरही नाजूक असेल तर उजवा गुडघा वर ओढून शरीर किंचित डाव्या कुशीवर टेकवावे, त्याने पोटावरचा दाब हलका होतो आणि श्वासही मोकळा होतो.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. एक भर घालतो, कारण मानेच्या तक्रारीमागे अनेकदा चष्मा असतो. प्रोनमध्ये आपण काचेच्या वरच्या, नाकाजवळच्या भागातून पाहतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (एकाच काचेत दूरचा व जवळचा नंबर असलेल्या) तेथे दूरचा नंबर असतो, आणि फोरसाइट (नळीच्या टोकावरची साइट) स्पष्ट दिसावी म्हणून डोके नकळत आणखी मागे जाते. एकाच नंबरची, फोरसाइटच्या अंतराला जुळवलेली काच शूटिंग फ्रेममध्ये लावावी आणि ती दृष्टिरेषेला काटकोनात ठेवावी. मागच्या साइटचे छिद्र थोडे लहान केल्यास फोरसाइट आणि लक्ष्य दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात, मात्र प्रकाश कमी होतो.

वयाची चिंता असेल तर स्वीडनचे नेमबाज ऑस्कर स्वान यांचे उदाहरण आहेच: १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये ७२ व्या वर्षी त्यांनी सांघिक रौप्यपदक मिळवले.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. बधिरपणा डाव्या हातालाच येतो आणि स्लिंग काढल्यावर काही क्षणांत जातो. चष्माही प्रोग्रेसिव्हच आहे.

उत्तर २

मग स्लिंग दंडावर वर, काखेच्या जवळ घ्या आणि पट्टा रुंद वापरा. दंडाच्या मध्यभागी तो धमनी व मज्जातंतूवर दाबला जातो. हँडस्टॉप मागे घेतल्यावर स्लिंगची लांबी पुन्हा ठरवावी लागेल. आधी स्लिंग, मग काच, आणि त्यानंतरच साइटचे ठोकळे, असा क्रम ठेवा. प्रत्येक बदलानंतर रिकाम्या रायफलने सराव करून रायफलच्या भागांवरील मोजपट्टीचे आकडे वहीत लिहून ठेवा, म्हणजे कशाने फरक पडला हे कळेल आणि नको असल्यास मागे जाता येईल.