आयकर विवरणपत्र विनामूल्य आणि स्वतः भरल्याचे अनुभव

नोकरीला लागल्यापासून सलग अकरा वर्षे मी आयकर विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेतले आणि दरवर्षी त्याचे पैसे मोजले. माझे उत्पन्न म्हणजे पगार आणि बचत खात्यावरचे व्याज, एवढेच. २०२३ साली ज्यांच्याकडे काम देत असे, ते आजारी पडले आणि ३१ जुलै तोंडावर आला, म्हणून नाइलाजाने आयकर विभागाच्या ई-फाइलिंग संकेतस्थळावर गेलो. पॅन क्रमांक हाच तिथला वापरकर्ता क्रमांक असतो. आत गेल्यावर पगार, कापलेला कर आणि बँकेचे व्याज हे तपशील आधीच भरलेले दिसले. फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचे कार्यालयाकडून मिळणारे प्रमाणपत्र, शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला आणि ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१, तासाभरात पूर्ण झाला. शेवटपर्यंत कुठेही शुल्क मागितले गेले नाही. इतकी वर्षे मी ज्ञानाचे नव्हे तर भीतीचे पैसे देत होतो, असे मला मनापासून वाटले आणि म्हणूनच हा धागा काढत आहे. आपण कोणता फॉर्म भरला, कुठे अडलात आणि त्यातून वाट कशी काढलीत, हे कृपया सविस्तर लिहावे. अडलेल्या जागा वाचूनच नव्या माणसाला धीर येईल.

प्रतिसाद १

माझा अनुभव ‘विनामूल्य’ या शब्दाबद्दलच आहे. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी, मी एका खासगी संकेतस्थळावर नोंदणी केली, कारण पहिल्याच पानावर विवरणपत्र फुकट भरता येईल असे ठळकपणे लिहिले होते. दोन संध्याकाळी बसून सगळी माहिती भरली. म्युच्युअल फंडाचे युनिट विकल्याची नोंद केली, तेव्हा शेवटच्या पानावर समजले की ही सोय केवळ पगारदारांच्या साध्या विवरणपत्रापुरती आहे आणि भांडवली नफा असल्यास २,४९९ रुपये भरावे लागतील. माझा दीर्घकालीन नफा १,४०,००० रुपये होता आणि सर्व विक्री २३ जुलै २०२४ नंतरची होती. त्यातले १,२५,००० रुपये करमुक्त असल्यामुळे उरलेल्या १५,००० रुपयांवर साडेबारा टक्क्यांनी १,८७५ रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर होत होता. म्हणजे कर भरण्यापेक्षा कर सांगण्याचाच खर्च अधिक होता.

मी तिथेच थांबले आणि विभागाच्या संकेतस्थळावर आयटीआर-२ उघडला. खरे सांगायचे तर तो फॉर्म ‘सहज’इतका सोपा नाही. कोणती अनुसूची, म्हणजे फॉर्मचा कोणता भाग, लागू आहे ते आपणच निवडावे लागते, अनुसूची ११२ए मध्ये विक्रीचे तपशील भरावे लागतात आणि नफा वर्षाच्या कोणत्या कालखंडात झाला हेही विचारले जाते. पण कॅम्स आणि केफिनटेक या म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या निबंधक संस्थांकडून भांडवली नफ्याचे विवरण ई-मेलवर विनाशुल्क मिळते आणि ते हाती असले की उरते ते केवळ शांतपणे आकडे उतरवणे. अर्धवट भरलेला मसुदा जतन होतो, त्यामुळे मी तीन बैठकींत काम संपवले. ज्यांचा असा नफा १,२५,००० रुपयांपर्यंतच आहे आणि मागील वर्षांचा तोटा पुढे ओढायचा नाही, त्यांना त्या वर्षापासून आयटीआर-१ सुद्धा चालतो, हे आधी पाहून घ्यावे.

प्रतिसाद २

फॉर्म सादर केला म्हणजे काम संपले, असे मी समजलो आणि ई-पडताळणी केलीच नाही. विवरणपत्र सादर केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी करावी लागते. ती उशिरा केली तर पडताळणीचा दिवस हाच सादर केल्याचा दिवस धरला जातो, आणि त्यामुळे मला विलंब शुल्क भरावे लागले. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकला की अर्ध्या मिनिटात पडताळणी होते. मोबाइल जोडलेला नसल्यास नेट बँकिंगद्वारे करता येते, आणि तेही नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे विवरणपत्राची पोचपावती, छापून, स्वाक्षरी करून बंगळूरुच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठवता येते.

प्रतिसाद ३

मी आईचे विवरणपत्र भरते. वडिलांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि पहिल्या वर्षी मी ते पगाराच्या रकान्यात दाखवणार होते. कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते आणि त्यातून वेगळी वजावट मिळते: जुन्या करप्रणालीत एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. नव्या प्रणालीत ही कमाल मर्यादा आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून २५,००० रुपये झाली आहे.

खरी अडचण पुढे आली. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, एका मुदत ठेवीचे व्याज दोनदा दिसत होते. मी बँकेकडून व्याजाचे प्रमाणपत्र घेतले, फॉर्म २६एएसशी, म्हणजे कापलेल्या कराच्या विवरणाशी, पडताळले आणि एआयएसमध्येच त्या नोंदीवर ‘ही माहिती दुबार आहे’ असा अभिप्राय नोंदवला. आधीच भरलेला आकडा सरकारी आहे म्हणून तो बरोबरच असणार, असे मानू नये. विवरणपत्रावर स्वाक्षरी आपली असते.

त्यानंतर परतावा अडला, कारण बँकेतील आईचे नाव आणि पॅनवरील नाव यांत आद्याक्षरांचा फरक होता आणि परताव्यासाठी संकेतस्थळावर खाते आधी प्रमाणित करावे लागते, ते होत नव्हते. नाव दुरुस्त करून घेतले, खाते प्रमाणित केले आणि संकेतस्थळावरून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती केली. नऊ दिवसांत पैसे जमा झाले तेव्हा आईने तो संदेश मला दोनदा वाचून दाखवायला लावला. आता ती स्वतःच वर्षभर व्याजाच्या नोंदी एका वहीत लिहून ठेवते.

प्रतिसाद ४

मी वास्तुविशारद आहे आणि स्वतंत्रपणे काम करतो. ग्राहक कंपन्या माझ्या शुल्कातून कलम १९४जे खाली १० टक्के कर कापतात. नोकरीत असतानाच्या सवयीने मी आयटीआर-१ भरला आणि काही आठवड्यांनी विवरणपत्र सदोष असल्याची कलम १३९(९) खालची सूचना आली. उत्तरासाठी १५ दिवस होते. मी घाबरलो होतो, परंतु सूचनेत चूक स्पष्ट लिहिलेली होती आणि योग्य फॉर्म त्याच ठिकाणी, विनाशुल्क सादर करता आला. माझ्यासारख्यांना कलम ४४एडीए खाली एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि त्यासाठी ‘सुगम’, म्हणजे आयटीआर-४, पुरतो. ज्यांना व्यावसायिक उत्पन्न असूनही जुनी करप्रणाली हवी आहे, त्यांनी मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा. पगारदारांना मात्र हा पर्याय विवरणपत्रातच निवडता येतो.

प्रतिसाद ५

मी सनदी लेखापाल आहे. वरील सर्व उदाहरणांत आपण स्वतः विवरणपत्र भरलेत हे योग्यच केलेत, आणि पगार व व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना मीही हेच सांगतो. परंतु परदेशात खाते किंवा समभाग असतील, घर किंवा जमीन विकली असेल, अथवा वायदे व्यवहार केले असतील, तर एकदा तरी जाणकाराला कागदपत्रे दाखवावीत. परदेशी मालमत्ता असणाऱ्याला आयटीआर-१ चालतच नाही, आणि कंपनीकडून मिळालेले परदेशी समभाग सांगायचे राहून जातात, हे मी पाहिले आहे.

प्रतिसाद ६

प्रशिक्षणार्थी असताना माझ्या विद्यावेतनातून १० टक्के कर कापला गेला होता. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असल्यामुळे विवरणपत्र भरायची गरज नाही, असे मला सगळे सांगत होते. न भरता कापलेला कर परत मिळत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. मी भरले आणि पूर्ण रक्कम परत आली. माझा एक प्रश्न आहे: आता नोकरी लागली असून घरभाडे भत्ताही मिळतो, तर जुनी आणि नवी करप्रणाली यांची तुलना विनाशुल्क कुठे करता येईल?

धागाकर्ता

विभागाच्या संकेतस्थळावर मुखपृष्ठावरच कर गणक आहे आणि त्यासाठी लॉगइन करावे लागत नाही. वार्षिक पगार आणि आपल्याला लागू असलेल्या वजावटी भरा, दोन्ही प्रणालींमधला कर शेजारीशेजारी दिसेल. घरभाडे भत्त्याची सूट केवळ जुन्या प्रणालीत मिळते, म्हणून भाड्याच्या पावत्या हाताशी घेऊन बसावे. आकडे पाहिल्यावर आपण कोणती प्रणाली निवडली आणि का, तेही इथे अवश्य लिहावे.