रेकॉर्डिंग आहे मग रिपोर्टर कशाला?
रेकॉर्डिंग आणि सॉफ्टवेअर आल्यावर कोर्ट रिपोर्टरची, म्हणजे कोर्टात बोललेला शब्द न् शब्द स्टेनो मशीनवर टिपून घेणाऱ्याची, गरज संपली, असं काही जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. दोन वकील एकदम बोलायला लागले, साक्षीदार पुटपुटला किंवा नुसती मान हलवली, तर रिपोर्टर तिथल्या तिथे थांबवून परत बोलायला सांगतो, रेकॉर्डिंगचं मशीन नाही थांबवत, आणि नंतर टेप ऐकताना "अस्पष्ट" एवढंच लिहावं लागतं. अपिलात तोच कागद वाचला जातो हो! २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची, बोलणं ऐकून लिहिणारी स्पीच सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभरात सुमारे १९ शब्द चुकले आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. साक्षीत हे चालेल का? अमेरिकेतल्या कोर्ट रिपोर्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची, एनसीआरएची, आरपीआर ही प्रमाणपत्राची परीक्षा बघा, साक्षीच्या भागात मिनिटाला २२५ शब्द टिपायचे आणि अचूकता किमान ९५ टक्के. तिथवर पोचायला वर्षं जातात, मधेच सोडणारे खूप, म्हणून नवी माणसं कमी येतात. संघटनांनी खरा जोर इथे लावावा, शिकणाऱ्यांना फी आणि स्टेनो मशीनसाठी मदत मिळाली तरच ही माणसं टिकतील.