घामाच्या वासासाठी लिंबू-सोडा लावला आणि काख भाजली. आता काय करावे?

प्रश्न

मी डोंबिवलीहून दादरला रोज लोकलने नोकरीसाठी जाते. सकाळी अंघोळ करूनही गाडीतून उतरेपर्यंत काखेतून आंबूस वास येऊ लागतो, आणि पावसाळ्यात तर कडी धरायला हात वर करण्याचाही संकोच वाटतो. सुगंधी फवाऱ्याने मला शिंका येतात, म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून आठ दिवस लिंबाची फोड खाण्याच्या सोड्यात बुडवून काखेत चोळली. वास कमी झाला, पण आता कातडी लालभडक झाली आहे आणि ब्लाउजची शिवण घासली तरी आग होते. त्वचेला न दुखवता करता येईल असा उपाय आहे का?

प्रतिसाद १

ताई, हा प्रयोग आजच थांबवा. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी असतो, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. आग शमेपर्यंत साध्या पाण्याने धुऊन जागा फक्त कोरडी ठेवा. मुळात ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींचा घाम त्वचेवरचे जिवाणू विघटित करतात, तेव्हा वास निर्माण होतो. त्यामुळे अंघोळीनंतर काख टिपून पूर्ण कोरडी करणे आणि केस बारीक कापणे यांनीच बराच फरक पडतो.

प्रतिसाद २

माझ्या अनुभवात निम्मा दोष कपड्यांचा असतो. धुतलेला ब्लाउज घडीत अगदी स्वच्छ वाटतो, पण काखेच्या शिवणीवर गरम इस्त्री फिरवली की तोच जुना कुबट वास वर येतो, कारण घामातला तेलकट अंश धाग्यात तसाच राहिलेला असतो. पॉलिस्टरमध्ये हे फार होते. मी असे कपडे उलटे करून, अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवते आणि मग नेहमीसारखे धुते; मात्र व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पावसाळ्यात ऊन नसले तर पंख्याखाली पूर्ण वाळवा, दमट कपडा कपाटात ठेवू नका. पर्समध्ये सुती रुमाल आणि शक्य असल्यास बदलायला एक जादा सुती ब्लाउज ठेवा.

प्रतिसाद ३

कातडी पूर्ववत झाल्यावर तुरटी वापरून पाहा. न्हाव्याकडे असतो तसा गुळगुळीत खडा ओला करून काखेवरून एकदाच हलका फिरवावा आणि वाळू द्यावा. ती जिवाणूंची वाढ रोखते. खरबरीत कडेचा खडा ओरखडे काढतो, तो घेऊ नका. तुरटीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून ती प्रत्येकाला मानवेलच असे नाही. आधी थोड्याच जागेवर लावून पाहावी. मेथी, लसूण, कांदा यांचा वास घामात उतरतो हे खरे, बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवांचा तर फारच, पण त्यासाठी मेथी सोडावी असे मला वाटत नाही.

प्रतिसाद ४

एक गोष्ट आवर्जून सांगते. वास अचानक बदलला, रात्री कपडे भिजण्याइतका घाम येऊन वजन घटू लागले, किंवा काखेत वारंवार गळवे होऊ लागली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. तुमची लालीही चार-पाच दिवसांत उतरली नाही किंवा तिथे पाणी सुटू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि लिंबू-सोडा लावल्याचे न संकोचता सांगा, म्हणजे त्यांना नेमके औषध देता येईल.