खानापूर तालुक्यात घरासाठी सिमवरचं इंटरनेट: कुठली कंपनी घ्यावी?

जांबोटी_रोड
घर जांबोटीच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत. फायबर आमच्यापर्यंत आलेलं नाही. एकाचं वर्क फ्रॉम होम (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन आणि दिवसभर मीटिंगा), एक टीव्ही, गेटवर कॅमेरा. घरात ४जीच्या दोन कांड्या, गच्चीवर चार. जिओ, एअरटेल की बीएसएनएल? एअरफायबर (कंपनी घराबाहेर युनिट बसवून टॉवरवरून देते ते घरचं नेट) घ्यावं की सिम घालायचा राउटर? पावसाळ्याचं काय तेही सांगा.

टिळकवाडी_सिग्नल
कंपनीचं नंतर, आधी टॉवर बघा. कांड्यांवर जाऊ नका ओ, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबानं दाखवतो. नेटमॉन्स्टर अ‍ॅप टाकून दोन आकडे लिहून काढा: आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती स्वच्छ). आरएसआरपी -९० च्या आसपास चांगला, -१०५ पर्यंत चालून जातो, -११५ च्या खाली गेला तर नाद सोडा. एसआयएनआर १३ च्या वर असला की निर्धास्त. शून्याखाली असेल तर चार कांड्या असूनही मीटिंग अडकणार.

तिन्ही कंपन्यांची सिमं शेजारपाजारी असतीलच. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत मोजा, सकाळी ११ ला आणि रात्री ९ ला. आकडे दोन्ही वेळा तेच, पण रात्री स्पीड एकदम पडला, तर टॉवरवर गर्दी आहे असं समजा. तिथं कितीही भारी अँटेना लावली तरी उपयोग नाही, कंपनीच बदलावी लागते.

बँडही (टॉवर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते) टिपून ठेवा. ५जीचा एन७८ म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झ: स्पीड भरपूर, पण चिऱ्याची भिंत आणि मधली झाडी त्याला सोसत नाही. ४जीत जिओचा बँड ५ (८५०) आणि एअरटेलचा बँड ८ (९००) लांब पोचतात, स्पीड मात्र बेताचा. बीएसएनएलचा बँड २८ (७००) त्याच जातीचा, तुमच्या टॉवरवर चालू असेल तर. कंपन्यांचे कव्हरेज नकाशे गावाचा अंदाज देतात, घराचा नाही.

कोगनोळी_नाका
प्लॅनमधली मेख सांगतो. मोबाइल प्लॅनचं ‘अनलिमिटेड ५जी’ फोन ५जीवर असेल तेवढाच वेळ. ४जीवर आला की रोजचे २ जीबी संपायला लागतात, आणि एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीच्या आसपास खातो. त्यामुळं हॉटस्पॉटवर घर चालवायचा विचार नको. एअरफायबरला महिन्याला साधारण १००० जीबी मिळतात, तुम्हाला पुरून उरतील. फक्त वर्षाचे पैसे एकदम भरू नका. इन्स्टॉलेशन माफ म्हणून गळ घालतील, तरी आधी महिनाभर रात्रीचा स्पीड बघा की.

सीमेवरचा आणखी एक घोळ: नाक्याजवळ सिम कर्नाटकातलं आणि टॉवर कागलकडचा, हे रोजचंच. तुमच्याकडं कणकुंबीच्या पुढं गोव्याचा लागतो. जादा पैसे पडत नाहीत, पण राउटर दोन टॉवरमध्ये उड्या मारत राहिला की व्हीपीएन तुटतो. बँड लॉक किंवा सेल लॉक (ठरावीक बँड किंवा टॉवर धरून ठेवायची सोय) असलेला राउटर घ्या आणि चांगल्या टॉवरला बांधून टाका.

जांबोटी_रोड
गच्चीवर मोजलं. एअरटेल बँड ८: -९८, एसआयएनआर ४. जिओ बँड ५: -१०३, एसआयएनआर १४. रात्रीही साधारण तेच, स्पीडही फार पडत नाही. एन७८ फोनला दिसतच नाही.

खांबावरचा_तांत्रिक
मग जिओच. -९८ बघून भुलू नका, ४ चा एसआयएनआर म्हणजे दुसऱ्या टॉवरचा गोंगाट. एअरफायबरचं बाहेरचं युनिट फोनपेक्षा जास्त पकडतं, म्हणून माणूस बोलावून एकदा तपासून घ्याच. तो नाही म्हणाला तर दोन अँटेना पोर्टचा ४जी राउटर आणि दिशा धरणारी २×२ (दोन केबलची) अँटेना. खोक्यावर ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ लिहिलंय का बघा. बऱ्याच स्वस्त अँटेना १७०० पासून सुरू होतात, त्या बँड ५ ला कुचकामी.

अँटेनाची केबल लांबवू नका. आरजी५८ ची १० मीटर केबल या बँडवर ५-६ डीबी (सिग्नलच्या ताकदीचं माप) गिळते, म्हणजे अँटेनानं कमावलेलं बरंचसं केबलनंच खाल्लं. राउटर गच्चीखालच्या खोलीत ठेवा, अँटेनाची केबल २-३ मीटर, आणि तिथून खाली कॅट-६ (नेटवर्कची केबल) ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते. बाजारातला सिग्नल बूस्टर घेऊ नका, परवान्याशिवाय तो बेकायदेशीर आहे.

पावसाचं म्हणाल तर या बँडना पाण्याच्या धारेनं काही होत नाही. बिघडतं ते ओल्या झाडीनं, कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यानं आणि सगळ्यात जास्त विजेनं. कनेक्टरला स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा, केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथंच गळेल. राउटरला मिनी यूपीएस घ्या, पण अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून. १२ चा यूपीएस ९ व्होल्टच्या राउटरला लावला तर राउटर गेलाच.

कॅमेरा क्यूआर स्कॅन करून अ‍ॅपवर दिसणारा घ्या. सिमवर स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, त्यामुळं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्याला जोडणं) होत नाही.

मीटिंगसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या, पण त्याचा टॉवर वेगळा आहे ना ते बघा. दोन कंपन्या एकाच मनोऱ्यावर असल्या तर तिथली बॅटरी उतरली की दोन्ही बंद.