अनुभव : उष्ण कटिबंधातील बेटावर घालवलेले शैक्षणिक सत्र

उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर शिक्षणासाठी एक सत्र राहून आलेल्या विद्यार्थ्यांना लिहिण्याचे हे आमंत्रण आहे. अशा मुक्कामाविषयी जे वाचायला मिळते, त्यात एक तर माहितीपत्रकांतील निळे पाणी असते किंवा व्हिसा आणि शिष्यवृत्तीचे तपशील असतात. सहलीला आलेला माणूस आठवडाभरात परततो आणि तेथेच वाढलेल्या माणसाला बेटाचे वेगळेपण जाणवेनासे झालेले असते. चार-पाच महिने राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र पिण्याचे पाणी कोठून येते, जहाज लांबले की बाजारातून आधी काय संपते, वादळाची सूचना मिळाल्यावर शेजारी काय करतात, हे कळण्याइतका वेळ मिळतो आणि त्याचे नवल वाटण्याइतका परकेपणाही त्याच्याकडे शिल्लक असतो. आपण काय शिकायला गेलात आणि त्याच बेटावर जाण्याने त्या शिक्षणात कोणता फरक पडला, हे सविस्तर लिहावे. किनाऱ्यांची वर्णने थोडक्यात उरकली तरी चालतील.

मॉरिशस, २०२४

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. रेद्वी येथील मॉरिशस विद्यापीठात एका सत्रासाठी गेले होते आणि पोहोचते न पोहोचते तोच ‘बेलाल’ चक्रीवादळ आले. १५ जानेवारीला राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याच्या लोंढ्यात मोटारी वाहत गेल्या. त्या वेळी तेथे वादळाच्या सूचनांचे चार वर्ग होते. पहिला वर्ग बराच आधी जाहीर होत असे आणि चौथा वर्ग लागला याचा अर्थ ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले, असा होता. माझ्या घरमालकीणबाई या वर्गांविषयी इतक्या सहजतेने बोलत की, पहिल्या वर्गाला पाणी भरून ठेवायचे, दुसऱ्याला पाव आणि मेणबत्त्या आणायच्या, तिसऱ्याला दारे लावून घ्यायची, हा क्रम मला विद्यापीठाच्या वेळापत्रकाआधी पाठ झाला.

माझ्या अभ्यासाचा गाभा मात्र माहेबूरजवळच्या ‘इल ओ एग्रेत’ या २६ हेक्टरांच्या प्रवाळी टापूवर होता. मुख्य बेटावरून जवळजवळ नाहीसे झालेले किनारी जंगल तेथे थोडे टिकून आहे. मूळची महाकाय कासवे मॉरिशसमधून फार पूर्वीच नष्ट झाली आणि त्यांच्याबरोबर आबनुसाची फळे खाऊन बिया दूरवर नेणारा प्राणीही गेला. झाडे उभी होती, फळे येत होती, परंतु बिया झाडाखालीच पडून राहत होत्या. म्हणून २००० साली अल्डाब्रा बेटांवरील जातीची कासवे तेथे सोडण्यात आली. आता त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे जागोजागी दिसतात. नष्ट झालेल्या जातीच्या जागी दुसरी जात आणावी का, यावर आमच्या वर्गात कडाक्याचे वाद झाले. मी सुरुवातीला विरोधी बाजूला होते. ती रोपे मोजण्याचे काम अंगावर आल्यावर माझा विरोध बराच सौम्य झाला, हे खरे. तरीही प्रत्येक बेटावर हाच उपाय चालेल, असे मला आजही वाटत नाही.

आकड्यांचा खरा अर्थही तेथेच कळला. मॉरिशसच्या ‘खरूची’ या शिकारी पक्ष्याची जंगलातील ज्ञात संख्या १९७४ साली अवघी चार होती, हे पुस्तकात वाचून पुढे जाता येते. त्याच पक्ष्याला खडकाच्या कपारीतून झेपावताना पाहिल्यावर मात्र त्या चारांपैकी एखादा दगावला असता तर काय झाले असते, हा हिशेब मनातून जात नाही. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज याच परिसरात प्रवाळावर चढले आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा लोकांनी उसाचा पाला कापडात भरून तरंगते बांध शिवले होते. त्या कामात हात असलेली माणसे मला गावोगाव भेटली. जहाजाच्या मालकांविषयी ती काय बोलत, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

भाषेविषयी थोडेसे. वर्गात इंग्रजी, वृत्तपत्रांत फ्रेंच आणि बाकी सगळीकडे क्रेओल, असा व्यवहार आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाजही आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. माझे सत्र मे महिन्यात संपल्यामुळे तो सण मला मिळाला नाही. महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे कावडी घेऊन पायी निघालेले हजारो लोक आणि त्यांना रस्त्याच्या कडेला सरबत देणारे गावकरी मात्र पाहिले.

रेयुनियाँ

वरील अनुभवातील शेजारच्याच बेटावर मी होतो, म्हणून थोडी भर घालतो. रेयुनियाँ हा फ्रान्सचाच एक विभाग असल्यामुळे तेथे युरो चालतो आणि कागदपत्रे पॅरिसइतकीच लागतात. आमच्याकडे वादळाचा लाल इशारा लागला की घराबाहेर पडण्यास सर्वांनाच मनाई असे आणि ती मोडल्यास दंड होई. नव्याने जाणाऱ्यांना ठाऊक नसते ती गोष्ट अशी की, शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून प्रवाळांनी बंदिस्त केलेले उथळ पाणी आणि नेमून दिलेल्या काही जागा वगळता समुद्रात पोहण्यास बंदी आली. आठवड्याच्या सुट्टीत बहुतेक विद्यार्थी डोंगरच चढतात. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर समुद्राकडे पाहायला वेळच नसतो, कारण ‘पितों द ला फुर्नेज’ हा ज्वालामुखी वारंवार जागा होतो आणि त्याची वार्ता आली की प्राध्यापकच व्याख्यान रद्द करून विद्यार्थ्यांना वर घेऊन जातात.

होनोलुलू, २०१८

मी हवाई विद्यापीठाच्या मानोआ परिसरात भूगोल शिकत होते. १३ जानेवारीचा शनिवार होता. सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी सगळ्यांच्या दूरध्वनीवर एकाच वेळी संदेश आला की, हवाईच्या दिशेने क्षेपणास्त्र येत आहे, त्वरित आसरा घ्या, ही रंगीत तालीम नाही. तो संदेश चुकून गेला होता आणि तसे कळवणारा दुसरा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. या मधल्या वेळेत वसतिगृहातील आम्ही सर्व जणी तळमजल्यावरील कपडे धुण्याच्या खोलीत बसलो होतो. मुख्य भूमीवरून आलेल्या एका मुलीने ‘गाडी काढून निघू या’ असे म्हटले आणि ओआहूत, म्हणजे होनोलुलूच्याच बेटावर, वाढलेल्या मुलीने शांतपणे विचारले, ‘कोठे?’ रस्ता कोठेही गेला तरी शेवटी समुद्रच लागणार, ही गोष्ट नकाशावर आम्हा सर्वांना माहीत होती.

त्या प्रसंगानंतर माझ्या प्रकल्पाचा विषय बदलला. पर्यटनाऐवजी मी बेटाच्या अन्नपुरवठ्यावर लिहायचे ठरवले. हवाईत खाल्ले जाणारे बहुतांश अन्न बाहेरून येते आणि सॅन फ्रान्सिस्कोपासूनचे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. त्यातच १९२० सालच्या एका कायद्यानुसार अमेरिकेच्या दोन बंदरांमधील मालवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या आणि अमेरिकी मालकीच्या जहाजांतूनच करावी लागते. त्यामुळे भाड्याचा बोजा वाढतो, असे या कायद्याचे टीकाकार म्हणतात, तर देशाची जहाजबांधणी टिकते, असे त्याचे समर्थक म्हणतात. विद्यार्थ्याला एवढेच कळते की दुधाची किंमत पाहून चहा कोरा प्यावा.

विद्यापीठाच्या शेजारीच कानेवाई येथे अळूची जुन्या पद्धतीची खाचरे आहेत. मानोआ ओढ्याचे पाणी पाटाने खाचरांत येते, एका खाचरातून दुसऱ्यात उतरते आणि पुन्हा ओढ्यातच जाते. तेथे श्रमदानाला गेलेल्यांना गुडघाभर चिखलात उभे करून आधी एक कथा सांगतात. मृत जन्मलेले पहिले मूल पुरले, त्या जागी अळू उगवला आणि पुढे जन्मलेल्या दुसऱ्या मुलापासून माणसे झाली. म्हणून अळू हा थोरला भाऊ. धाकट्याने थोरल्याची काळजी घ्यायची आणि थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचे. अळूला केवळ भाजी म्हणून ओळखणाऱ्या मला त्या चिखलात जरा संकोचल्यासारखे झाले.

बाली, २०१९

मी कृषी अभियांत्रिकीचा विद्यार्थी. उदयन विद्यापीठात नाव घातले ते ‘सुबक’ या सिंचनव्यवस्थेसाठी. एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतांच्या मालकांची ही संघटना असते, तिचा प्रमुख असतो, तिचे देऊळ असते आणि पाण्याच्या पाळ्या देवळातील उत्सवांशी जोडलेल्या असतात. सर्वांत वरचे देवस्थान बातूर येथील ज्वालामुखीच्या मुखातील सरोवराच्या देवीचे आहे. १९७० च्या दशकात सरकारने नव्या वाणांचे भात जमेल तितक्या वेळा घेण्याचा आग्रह धरला आणि पाळ्या मोडल्या. पाणी सर्वांना एकदमच लागू लागले आणि किडीचा उपद्रव वाढला. पुढे स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमर या परिसंस्था-अभ्यासकासह संगणकावर ही व्यवस्था मांडून पाहिली आणि देवळांच्या पाळ्यांमागचा हिशेब अभियंत्यांनाही मान्य करावा लागला. २०१२ साली सुबकचा भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत आला.

हा हिशेब इतका सुंदर आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाणी आधी मिळते. मग त्याने ते खालच्याला का सोडावे? कारण किडीला शेताच्या हद्दी कळत नाहीत. सर्वांनी एकाच वेळी पीक काढून शेते एकाच वेळी मोकळी ठेवली तर किडीला खायला काही उरत नाही. खालच्याला पाणी दिले तरच तो वरच्याबरोबर लावणी करू शकतो. पाण्याची टंचाई खालच्याला जाचते, किडीचा त्रास वरच्यालाही जाचतो आणि त्यातून दोघांचा करार टिकतो. मी यापूर्वी शिकलेल्या सर्व सिंचनप्रकल्पांत टोकाचा शेतकरी कोरडाच राहत असे आणि आम्ही उपाय म्हणून दारांना कुलपे सुचवत असू.

तबानान भागातील एका सुबकच्या बैठकांना मला बसू देत. किडीपेक्षा तेथे अधिक चर्चा बंगल्यांची असे. एखादे खाचर विकले जाऊन त्यावर भाड्याची घरे उठली की त्यापुढील पाट बंद पडतो, अशी तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकली. जागतिक वारशाचा फलक पाहायला येणारेच ती घरे भाड्याने घेतात.

न्येपीचा दिवस, ७ मार्च, आमच्या सत्राच्या आरंभीच आला. त्या दिवशी बेटावर कोणी बाहेर पडत नाही, दिवे लावत नाही, विमानतळही चोवीस तास बंद असतो. आदल्या रात्री प्रचंड राक्षसी पुतळे नाचवून झालेला गोंगाट आणि लगोलग ही शांतता. अमावास्येच्या सुमाराचा दिवस आणि सारे बेट अंधारलेले, त्यामुळे ताऱ्यांसाठी तरी तो दिवस चुकवू नये. व्यावहारिक सूचना एकच : तेथे स्कूटरवाचून चालत नाही आणि दुचाकीचा वैध परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

एक कॅरिबियन बेट

मी बेटाचे आणि संस्थेचे नाव देत नाही. सागरी परिसंस्थांचा अभ्यासक्रम होता. पोहणे, मासे ओळखणे, प्रवाळाची मोजणी हे सारे उत्तम शिकवले, यात शंका नाही. परंतु आम्ही सर्व विद्यार्थी एकाच देशातून आलेले, एकाच कुंपणात राहणारे आणि बेटावरील माणसे आम्हाला भेटत ती स्वयंपाकीण, नावाडी आणि पहारेकरी म्हणून. मासेमारीवरील बंदीचे फायदे आम्ही आलेखांतून सिद्ध करत होतो आणि ज्यांची जाळी त्या बंदीने सुकत पडली होती, त्यांच्यापैकी एकालाही वर्गात बोलावलेले नव्हते. परतल्यावर श्रेयांकांपैकी निम्मे आमच्या विद्यापीठाने नाकारले, तो मनस्ताप वेगळाच. जाण्याआधी कोणता विषय कशाच्या बदली धरला जाईल, हे विभागप्रमुखांच्या सहीने लेखी घ्यावे. आणि अभ्यासक्रमात स्थानिक विद्यार्थी किती असतात, हा प्रश्न अवश्य विचारावा.

झांझिबार

वरचा अनुभव वाचून आमचा सांगावासा वाटला. विकासविषयक अभ्यासाच्या सत्रात मी आधी शहरात स्वाहिली शिकले आणि नंतर पूर्व किनाऱ्यावरील एका गावात राहिले. तेथील बायका ओहोटीने उघड्या पडलेल्या पुळणीत खुंट ठोकून, त्यांना दोऱ्या बांधून समुद्री शेवाळाची शेती करतात. ही शेती १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे आली. वाळवलेल्या शेवाळातून कॅराजीनन हा दाटपणा आणणारा पदार्थ काढतात आणि ते टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत वापरले जाते.

आमचे वेळापत्रक समुद्र ठरवत असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितके चढते तितकेच मागेही हटते, म्हणून काम त्याच दिवसांत. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असली की बायकांना घरी मुलाखती देण्याइतकी उसंत मिळे. त्यातच स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजले जाते, म्हणजे सकाळचे सात हा पहिला तास. कोणी ‘तीन वाजता या’ म्हटले तर नऊला पोहोचावे.

या शेतीची अडचण अशी की, चांगला भाव मिळणारी जात उथळ पाणी तापले की मरते आणि तगून राहते ती स्वस्त जात. आमच्या गटाच्या अहवालात लागवड खोल, थंड पाण्यात नेण्याची शिफारस होती आणि शास्त्रीयदृष्ट्या ती योग्यच होती. सत्राच्या शेवटी आमच्या शिक्षिकेने अहवालाचा स्वाहिली गोषवारा गावात वाचून दाखवण्याची अट घातली होती. वाचन संपल्यावर बायकांनी विचारले की, बोट कोण घेऊन देणार, आम्हापैकी बहुतेकींना पोहता येत नाही ते कोण शिकवणार आणि तेवढा वेळ लहान मुलांना कोण सांभाळणार. उत्तरे आमच्याकडे नव्हती. अहवाल जमा करण्यापूर्वी आम्ही हे तिन्ही प्रश्न, विचारणाऱ्या बायकांच्या संमतीने, शिफारशीच्या लगेच खाली जसेच्या तसे छापले.