नोकरीसाठी नव्या शहरात जायचंय: राहायला सुरक्षित उपनगर कसं निवडायचं?

उंबरठा
सात आठवड्यांनी नव्या शहरात रुजू व्हायचं आहे. तिथे ओळखीचं कुणीच नाही. आम्ही तिघं जाणार: मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. आठवड्यातले तीन दिवस माझी ड्युटी रात्री दहाला सुटते आणि ये-जा रेल्वेने किंवा बसने करायची आहे. कार्यालयाकडून पंधरा दिवस राहायची सोय आहे, तेवढ्यात घर ठरवावं लागेल.

ज्याला विचारावं तो 'अमुक भाग चांगला, तमुक भागात अजिबात नको' एवढंच सांगतो. कशावरून, ते कुणी सांगत नाही. गुन्ह्यांचे नकाशे पाहिले तर स्टेशनालगतचे सगळे भाग लालभडक दिसतात. मग स्टेशनपासून लांब जायचं का? भाग सुरक्षित आहे हे परक्या माणसाने नेमकं कशावरून ओळखायचं?

नकाशावाला
आधी त्या लाल रंगाबद्दल, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते.

गुन्ह्यांचा दर काढताना भाजक म्हणून त्या भागात राहणाऱ्यांची संख्या घेतात. स्टेशन किंवा बाजारपेठेच्या भागात राहणारे थोडे आणि दिवसभरात येऊन जाणारे पुष्कळ. समजा, एका भागात 8,000 लोक राहतात, दिवसा तिथे 60,000 माणसं असतात आणि वर्षाला 400 चोऱ्या होतात. रहिवाशांवर भागलं तर हजारी 50, प्रत्यक्ष वावरणाऱ्यांवर भागलं तर हजारी 7 देखील नाही. नकाशा पहिला आकडा रंगवतो. शिवाय त्या 400 मध्ये खिसेकापू आणि दुकानातल्या उचलेगिरीचा मोठा वाटा असू शकतो, आणि त्याचा तुमच्या घराच्या दाराशी फारसा संबंध नाही.

म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवा आणि प्रकार वेगळे करा. घरफोडी लोकसंख्येवर नव्हे, घरांच्या संख्येवर भागा. रस्त्यावरची जबरी चोरी, हल्ला आणि छेडछाड वेगळी काढून ती कोणत्या तासांत होते ते पाहा. वाहनचोरी तुमच्याकडे वाहन असेल तरच बघा. आणि किमान तीन वर्षांचे आकडे एकत्र घ्या. 3,000 घरांच्या भागात एका वर्षी 12 घरफोड्या आणि पुढच्या वर्षी 18 झाल्या, तर बातमीत '50 टक्के वाढ' येईल. एवढ्या लहान आकड्यांत हा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'उपनगर' हे मापच फार मोठं आहे. गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी चौकापासून चौकापर्यंतचा रस्त्याचा एकेक तुकडा धरून तपासल्या. सुमारे 5 टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे घडत होते, आणि वर्षामागून वर्षं साधारण त्याच तुकड्यांवर. इतर मोठ्या शहरांतही असंच चित्र दिसलं. म्हणजे बदनाम उपनगरात शांत गल्ल्या असतात आणि नावाजलेल्या उपनगरात एखादा वाईट कोपरा असतो. नकाशा शक्य तेवढा मोठा करा आणि तुमचं घर, तुमचा थांबा आणि त्यांच्या मधली वाट एवढंच पाहा.

एक सावधगिरी: कमी नोंदी म्हणजे कमी गुन्हे, असं दरवेळी नसतं. जिथे लोक तक्रार द्यायलाच जात नाहीत तिथला नकाशा स्वच्छ दिसतो. छेडछाडीच्या बाबतीत तर हे फारच होतं. वाहनचोरीचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण विम्यासाठी नोंद करावीच लागते.

पायवाट
नकाशावाल्यांशी सहमत. पुढचं काम पायांनी करायचं.

ज्या वेळी तुम्ही खरोखर घरी पोहोचणार, त्याच वेळी थांब्यापासून घरापर्यंत चालून बघा. दहाला सुटणार, प्रवास समजा चाळीस मिनिटांचा, म्हणजे पावणेअकराला, आणि आठवड्याच्या मधल्या वारी. रविवारी सकाळी अकराला एजंट घर दाखवतो तेव्हा कोणताही रस्ता छान दिसतो. पहिल्या खेपेला दोघं मिळून जा.

दिवे किती आहेत हे मोजू नका, दोन दिव्यांच्या मधे काय होतं ते पाहा. एक झगझगीत दिवा आणि पुढे तीस पावलं काळोख असेल तर ते सलग मंद उजेडापेक्षा वाईट, कारण उजेडातून अंधारात शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. कसोटी सोपी आहे: समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दहा-पंधरा मीटरवरून ओळखू येतो का? दिवा झाडाच्या वर असेल तर पालवी दाटली की उजेड पानांतच अडकतो आणि खाली गडद सावली पडते. निष्पर्ण झाडाखाली उभं राहून निर्णय घेऊ नका.

मग दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, बाल्कन्या, उशिरापर्यंत चालू असणारी दोन-तीन दुकानं ही खरी राखण. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये 'रस्त्यावर डोळे हवेत' असं मांडलं ते हेच. याउलट दोन्ही बाजूंना शे-दोनशे मीटर सलग उंच भिंत असेल तर तिथे ना कुणी बघणारं, ना आत शिरायला दार. बंद फाटकांच्या मोठ्या वसाहतींच्या बाहेरचे रस्ते नेमके असेच होतात. आत पहारा असतो, पण तुम्हाला तर बाहेरूनच चालत यायचंय. भुयारी मार्ग, लांब पादचारी पूल, मोकळे प्लॉट वाटेत येत असतील तर त्यांना वळसा घालणारी दुसरी वाट आहे का आणि ती किती लांब पडते, ते मोजून ठेवा.

कुणालाही 'भाग सुरक्षित आहे का?' असं विचारू नका, 'हो' हेच उत्तर मिळतं. औषधाच्या दुकानात विचारा, 'शटर किती वाजता ओढता? त्यानंतर रस्त्यावर कुणी असतं का?' दुकानात बाई काम करत असतील तर त्या रात्री घरी कशा जातात ते विचारा. घटनांबद्दल विचारलं की लोक खरं बोलतात, मत विचारलं की भागाची अब्रू राखतात.

आणि मुलगी सहा वर्षांची आहे, तर तिच्या जिवाला चोरापेक्षा वाहनांचा धोका कितीतरी मोठा धरा. ताशी 30 किमीने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 ने येणारी गाडी चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच, म्हणजे सुमारे एका सेकंदात, 14 मीटर पुढे आलेली असते. जिथे पहिली गाडी थांबून उभी असते तिथे दुसरीचा वेग अजून कमीही झालेला नसतो. 2020 मध्ये स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेने माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ताशी 30 ची मर्यादा सुचवली ती यामुळेच. म्हणून शाळा आणि घर यांच्यामध्ये मोठा रस्ता येणार नाही असं घर शोधा. येतच असेल तर शाळा सुटायच्या वेळी त्या ओलांडणीवर पंधरा मिनिटं उभे राहा. सिग्नल लाल झाल्यावर गाड्या थांबतात का? पदपथ सलग आहे की उभ्या गाड्यांमुळे मुलं रस्त्यावर उतरतात?

कडीकोयंडा
रस्ता पसंत पडला की दाराकडे या.

लाथेने दार उघडतं तेव्हा कुलूप सहसा तुटत नाही, चौकट फुटते. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या धातूच्या पट्टीत शिरते, तिचे स्क्रू बहुधा दोन-अडीच सेंटिमीटरचे असतात आणि वरवरच्या लाकडात धरलेले असतात. घर बघताना पट्टी हाताने हलवून पाहा. चौकटीच्या कडेला पोपडा, लांबी (पुट्टी) भरलेली जागा किंवा रंगाचा वेगळा ठिपका दिसला तर दार आधी एकदा फोडलेलं असू शकतं. तसं स्पष्ट विचारा. घरफोडी झालेल्या घरात आणि आसपासच्या शे-दोनशे मीटरमध्ये पुढचे काही आठवडे पुन्हा घरफोडीची शक्यता वाढलेली असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. उपाय मोठा नाही: 7-8 सेंटिमीटरचे स्क्रू, जाड पट्टी आणि किमान अडीच सेंटिमीटर आत जाणारी जीभ. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. राहायला जायच्या दिवशीच कुलपाचं सिलिंडर (किल्ली फिरते तो गाभा) बदला, जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं.

न्हाणीघराची खिडकी विसरू नका. काचेच्या आडव्या पट्ट्या पत्र्याच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असतात, त्या बाहेरूनही एकेक करून निघतात.

पण चोराच्या भीतीने घराचा पिंजराही करू नका. आगीत माणसं अडकतात ती कायमच्या ठोकलेल्या जाळ्यांमागे. निदान एका खिडकीची जाळी आतून उघडणारी हवी, आणि तिची किल्ली अंधारातही हाताला लागेल पण खिडकीबाहेरून पोहोचणार नाही अशी टांगा. जिन्यात सायकली आणि जुनं सामान साठलेलं आहे का, गच्चीचं दार कुलूपबंद आहे का, अग्निशामक गाडी आत येईल एवढी साधारण चार मीटर मोकळी वाट आहे का, हे पाहा. धूर ओळखणारा अलार्म झोपायच्या खोलीत लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा.

ओघळ
पाण्याबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तळमजला किंवा पहिला मजला घेणार असाल तर भिंती गुडघ्याच्या उंचीवर नीट बघा. जमिनीतून चढलेली ओल वेडीवाकडी, कुठे वर कुठे खाली असते. पुराची रेघ सगळ्या खोल्यांत एकाच पातळीवर, सरळ आडवी जाते. फक्त खालचा हातभर भाग नव्याने रंगवलेला, मीटरची पेटी मुद्दाम वर नेलेली, उंबरठ्यापुढे नवा कट्टा बांधलेला असेल तर पाणी आत येऊन गेलंय असं समजा.

'शंभर वर्षांतला पूर' हा शब्दही फसवतो. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांत सुमारे 26 टक्के. वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, साठ सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. जमलं तर जोराच्या पावसात त्या रस्त्यावर एक चक्कर मारा.

उंबरठा
मनापासून आभार. आता दोन घरं समोर आहेत. पहिलं स्टेशनपासून सहा मिनिटांवर, गजबजलेल्या रस्त्यावर, जुन्या इमारतीत आणि नकाशात लाल. दुसरं नव्या बंदिस्त वसाहतीत, शांत आणि हिरवं. पण तिकडची शेवटची बस साडेनऊची आहे आणि स्टेशनपासून 1.8 किमी चालावं लागेल, त्यातला बराचसा रस्ता भिंतीकडेचा. घरमालक अकरा महिन्यांचा लॉक-इन मागतोय, म्हणजे तेवढ्या काळात घर सोडता येणार नाही.

पायवाट
हिशेब मांडून बघा. 1.8 किमी म्हणजे चालत 22 मिनिटं. आठवड्याला तीन रात्री, वर्षाचे 48 आठवडे धरले तर 144 रात्री, म्हणजे जवळपास 53 तास त्या निर्जन रस्त्यावर. पहिल्या घरासाठी तेच 15 तासांच्या आत, तेही माणसांमध्ये. तुमच्या ड्युटीच्या वेळा पाहता मी पहिलंच निवडेन. फक्त मुख्य रस्त्यावरचं न घेता त्याच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर बघा. स्टेशनपासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहतं, पण आवाज आणि वाहनं खूप कमी होतात.

दुसरंच घ्यायचं ठरलं तर त्या 144 रात्रींचं टॅक्सीचं भाडं घरभाड्यात मिळवा आणि मग दोन्ही घरांची तुलना करा. रात्री पावणेअकराला त्या स्टेशनबाहेर उभं राहून गाडी किती वेळात मिळते ते दोन-तीनदा मोजा. वसाहतीच्या फाटकाशी मोबाइलची रेंज येते का तेही बघा.

नकाशावाला
लॉक-इनबद्दल: पंधरा दिवसांत अकरा महिन्यांची बांधिलकी घेऊ नका. कार्यालयाच्या जागेची मुदत वाढवून मागा किंवा एक-दोन महिन्यांसाठी सामानासकट भाड्याची खोली घ्या. लॉक-इन टाळता येत नसेल तर तीन महिन्यांवर आणा आणि नोटीस पिरियड एक महिन्याचा ठेवा. ऑफिसची जागा किंवा शिफ्ट बदलली तर डिपॉझिट न कापता सोडता येईल, हे करारात लिहून घ्या.

घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, आणि समोरचा माणूस मालक आहे हे मालकीच्या कागदावरून खात्री केल्याशिवाय, टोकनसुद्धा देऊ नका. जाहिरातीतले फोटो इमेज-सर्चमध्ये टाकून बघा. तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या घराचे म्हणून दिसले तर फोन ठेवून द्या. नव्या शहरात घाईने येणाऱ्यांनाच हे लोक गाठतात, आणि तुमच्याकडे तर जेमतेम पंधरा दिवस आहेत.