1968 च्या प्रात्यक्षिकात समोरच्याचा चेहरा पडद्यावर आला कसा?

प्रश्न
कॉम्प्युटर संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस दाखवला. त्याच पडद्यावर मेन्लो पार्कमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा चेहरा आणि दोघांनी मिळून हाताळलेला मजकूरही दिसला. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट हे कॉम्प्युटर नेटवर्क तर पुढच्या वर्षी सुरू झालं. मग तेव्हाच्या कॉम्प्युटरला व्हिडिओ झेपला कसा?

उत्तर 1
झेपला नाही, कारण चेहरा कॉम्प्युटरमधून गेलाच नाही. जाणारा आणि येणारा मार्ग वेगळे होते. माऊस आणि कीबोर्डचे संकेत प्रयोगशाळेतच बनवलेल्या 1200 बॉडच्या (म्हणजे सेकंदाला 1200 बिटांच्या) मोडेमवरून मेन्लो पार्कच्या एसडीएस 940 या कॉम्प्युटरकडे जात. चित्र परत येई ते टीव्ही सिग्नल म्हणून, दोन मायक्रोवेव्ह लिंकवरून. अंतर 30 मैलांच्या आसपास. मायक्रोवेव्हला सरळ नजरेचा रस्ता लागतो, म्हणून मध्ये डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन बुलेव्हार्डवर ट्रक उभा केला होता. प्रयोगशाळेच्या छपरावर 2 अँटेना, ट्रकवर 4, सभागृहावर 2. ट्रकवर चार का, तर प्रत्येक लिंकला एक घ्यायला, एक पुढे पाठवायला.

मजकुराचंही तेच. कॉम्प्युटर तो 5 इंची पिक्चर ट्यूबवर काढी आणि ट्यूबसमोरचा टीव्ही कॅमेरा तो टिपे. दोन्ही गोष्टी टीव्ही सिग्नलच झाल्यावर चेहरा मजकुराशेजारी बसवणं हे स्टुडिओतल्या मिक्सरचं काम उरतं.

आता हिशेब करा. 500 गुणिले 500 ठिपक्यांचं निव्वळ काळं-पांढरं चित्र म्हणजे 2,50,000 बिट. सेकंदाला 1200 बिटांनी एका चित्राला साडेतीन मिनिटं लागतील. आर्पानेटच्या 50 किलोबिटच्या लाइनवरही पाच सेकंद.

उत्तर 2
याला भर म्हणून: त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिकलायडर आणि टेलर या कॉम्प्युटर संशोधकांनी लिहिलं होतं की काही वर्षांत माणसं समोरासमोरपेक्षा यंत्रामार्फत अधिक परिणामकारक संवाद साधतील, आणि त्यांचे गट गावावरून नव्हे तर आवडीवरून जुळतील. माझ्या मते यातला दुसरा भाग जास्त मोलाचा, आणि तो खरा ठरायला व्हिडिओची गरजच पडली नाही. 1971 मध्ये प्रोग्रॅमर रे टॉमलिन्सन यांनी दोन प्रोग्रॅम जोडले आणि नेटवर्कवरचा ईमेल तयार झाला. एक त्याच मशीनवरच्या माणसाच्या टपाल-फाइलला शेवटी मजकूर जोडायचा, दुसरा नेटवर्कवरून फाइल पाठवायचा. नाव आणि मशीन वेगळं ओळखू यावं म्हणून मध्ये @ ठेवला, कारण ते चिन्ह कोणाच्या नावात येत नसे.

उत्तर 3
आर्पानेटवरून साधा मजकूरसुद्धा सहज गेला नव्हता. 29 ऑक्टोबर 1969 ला लॉस एंजेलिसहून LOGIN टाइप करताना L, O पोचले आणि मेन्लो पार्कचं मशीन बंद पडलं. G मिळताच ते उरलेली अक्षरं स्वतः पूर्ण करून एकदम परत पाठवू लागलं, पण बफर (अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा) एका वेळी एकाच अक्षराच्या हिशेबाने ठेवलेला होता. तो वाढवल्यावर साधारण तासाभराने लॉगिन झालं.